मान्य शब्दांची यादी

सान्तियागोच्या मुख्य कार्यालयातून यादी आली.
चार हजार दोनशे शब्द. यापुढे एवढ्यातच भागवायचं.
'वारा' तिच्यात नाही.
वाऱ्यासाठी: 'हवामान' पाहा.

पुन्ता अरेनासमध्ये, बाबांनो?
जिथे माणसं उडू नयेत म्हणून चौकात दोर बांधतात,
जिथे झाडं जन्मभर एकाच बाजूला मान वळवून उभी,
भर पंगतीत रुसलेल्या पाहुण्यासारखी?

मेटाडेटा म्हणजे गोष्टीबद्दलची गोष्ट,
असं प्रशिक्षणात सांगितलं.
मला ऐकू आलं: चुगली.

मी तळघरात बसते. आज डबा क्रमांक तीनशे सतरा.
शीर्षक: नाही.
साल: शेवटचा आकडा पेन्सिलीचा, १ किंवा ७.
कालावधी: चार मिनिटं बावीस सेकंद.
आवाज: नाही.
हक्क: अज्ञात,
म्हणजे कुणाचेच नाहीत,
म्हणजे महिनाअखेर पुसायला मोकळा.

व्यक्ती: एक स्त्री, अनोळखी.
स्थळ: धक्का.
पोर्वेनीरची बोट सुटते आहे,
मेंढ्या कातरायला निघालेले पुरुष कठड्याला दाटलेत.
बायका हात हलवताहेत.
ही हलवत नाही.
मी रकान्यात लिहिलं: 'निरोप', मान्य.
मग 'भांडण?', तेही मान्य,
प्रश्नचिन्ह मात्र अमान्य.

एदेल्मिरा फरशी पुसत मागे येऊन थांबली.
फडक्याचं पाणी माझ्या बुटांपर्यंत आलं तरी थांबलेलीच.
"ही आमची ओतिलिया मावशी.
घरी सगळे तिला 'तिला' म्हणायचे.
मागे घे बरं जरा."

घेतलं मागे.
एका हातात मावशीचा डोक्यावरचा रुमाल,
दुसऱ्या हातात दोर.
तिसरा हात देवाने दिलेला नव्हता.

"आणि क्लोदोमिरो," एदेल्मिरा म्हणाली,
"तिचा नवरा, जेवताना दर रविवारी, पाहुण्यांदेखत:
हिने मला हातसुद्धा हलवला नव्हता.
तीस वर्षं.
हसून म्हणायचा, पण म्हणायचा.
मावशी बटाटे वाढत राहायची."

बोटीवरून दोर दिसत नाही.
बोटीवरून फक्त बाई दिसते,
खांबासारखी.

मी 'हवामान' टाकलं.
यंत्राने विचारलं: ऊन, पाऊस, की बर्फ?
टीपेत सगळं लिहायला घेतलं,
रविवार, बटाटे, तिसरा हात,
तर दोनशे पंचावन्न अक्षरांवर कात्री लागली
आणि उरलं: 'मावशी बटाटे वाढ'.

एकच रकाना सान्तियागोच्या नजरेतून सुटलाय.
शीर्षकात काय लिहावं याला यादी नाही.
तिथे मी लिहिलं:
वाऱ्यामुळे दोन्ही हात अडकलेली ओतिलिया.

एदेल्मिराने चष्मा पुसून एकेक अक्षर वाचलं.
"आता शोधलं तर सापडेल?"
सापडेल.
"कुठलाही शब्द टाकला तरी?"
यातला कुठलाही.

तिने खुर्ची ओढली, फडकं बादलीत टाकलं,
आणि एका बोटाने, सावकाश,
शोधाच्या चौकटीत टाइप केलं:
हात