कोमट

अलितुसच्या पलीकडे, उणे अकरा.
आम्ही पोचायच्या आधीच त्यानं
ट्रॅक्टर धुऊन अंगणात उभा केलेला.
निळा रंग ताजा,
बोल्टांच्या खाचांतसुद्धा.

स्काइस्ते काही बोलली नाही.
हातमोजा काढला, बॉनेटखाली तळवा सरकवला,
लेकराचा ताप बघावा तसा.
कोमट.

"जरा फिरवला सकाळी," तो म्हणाला.
मीटर दोन हजार तास सांगत होतं.
क्लचच्या पायरीवरची रबराची नक्षी पार गेलेली,
डाव्या कडेला लोखंड उघडं.
कुणाचा तरी बूट तिथं
वर्षानुवर्षं तिरकाच पडत आला होता.

मी आपला टायरांच्या भेगा मोजत होतो.
बारा हेक्टर, सात गाई, बटाट्याचं यंत्र,
ऐंशी घोडे पुरतील, कर्ज नको:
हे सगळं येताना ठरलेलं
गाडीतच राहिलं.

तिनं डिपस्टिक पुसली, बुडवली, हुंगली.
"उद्या पहाटे येतो.
तोवर हात लावू नकोस त्याला."

पहाटे दारात त्याचा बाप उभा,
डावा पाय बाहेर वळलेला,
कोटाखाली झोपायचा पायजमा.
किल्ली फिरली. नुसतं कण्हणं.
पुन्हा.
तिसऱ्याला पांढरा धूर, मग काळा,
मग खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"चौथ्याला धरतो एरवी," म्हातारा म्हणाला,
"आज पाहुणे बघून लवकर उठला."
मुलानं मान खाली घातली.

स्काइस्ते पहिल्यांदा हसली,
आणि मुलाला ओलांडून
म्हाताऱ्याशी
भावाचं बोलू लागली.