दहा पंजे

कुरिअरचं पाकीट फाडलं
तर आत दहा वाळके पंजे.
"काहून जी, पालीचे पाय मागवले का?"
शकुननं विचारलं.
रॅननक्युलस, मी म्हटलं, थंड मुलखातलं फूल आहे.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही.
मग राणूबाई असं नाव ठेवलं,
दोन्ही अर्थांनी.

तीस वर्षं मी नागपूरच्या नळांचे व्हॉल्व्ह फिरवले.
पहाटे चारला कोणत्या गल्लीला किती आटे सोडायचे
ते माझ्या मनगटाला ठाऊक होतं.
पण पंजे चारच तास भिजवायचे, पाचवा नाही,
हे शिकायला निवृत्त व्हावं लागलं.
स्टुलावर घड्याळ घेऊन बसलो.

दिवाळी उलटली तरी दुपार बत्तीसच्या खाली येईना,
म्हणून ओल्या रेतीत पुरून डबा फ्रिजमध्ये,
दह्याच्या भांड्याशेजारी.
नातू आला होता सुटीत. रात्री दार उघडून ओरडला,
"आबा, श्रीखंडाला मुळं फुटली!"

आपली माती काळी.
पाणी धरते ते सोडत नाही,
जुन्या भांडणासारखी.
तीन घमेली रेती, एक शेणखत, वीट कुटून चाळलेली.
बारापात्रे बाई त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या,
"घर वाढवून राह्यले का?"

दहातले सहा उगवले.
पान निघालं ते हुबेहूब सांबारासारखं.
डिसेंबरातली सकाळ, गोरेवाड्याकडून झोंबरं वारं,
आणि शकुन पोह्यांवर पेरायला
एक आख्खं रोप खुडून आलेली.
मी ओरडलो.
लग्नाला एकोणचाळीस वर्षं, इतक्या मोठ्यानं कधीच नाही.
विषारी असतं ते.
तिनं चिमूट हळूच ओट्यावर ठेवली
आणि दिवे लागेपर्यंत बोलली नाही.
उरले पाच.

संक्रांतीला मांज्यानं एकाची मान कापली.
एक बसल्या जागी पिवळं पडलं.
त्याचं कारण मी अजून शोधतो,
झोप येत नसली की.

आमच्याकडे वसंत दार वाजवत नाही,
थेट उन्हाळाच अंगणात चपला काढतो.
फेब्रुवारी सरता सरता पारा छत्तीस.
दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काळ्या पडल्या.
तिसरी अजून मुठीत.
मी ओलं गोणपाट बांधलं, हिरवी जाळी बांधली,
दुपारी छत्री धरून उभा राहिलो.
बारापात्रे बाई बघत होत्या. बघू दे.

मग एके दिवशी शकुननं काही न विचारता
माळ्यावरचा कूलर उतरवायला लावला.
खस नवी. कुंडी आत, बरोबर झोतापुढे.
"लाइटबिल?" मी म्हणालो.
"आपल्याले कुठं फुलायचं आहे," ती म्हणाली,
"आपण एप्रिलपर्यंत थांबतोच."

तीन मार्चला उघडली.
पदरात पदर, पदरात पदर,
कापलेल्या कांद्यासारखी, पण रडू न आणणारी.
रंग पिकल्या खरबुजाच्या गराचा.
शकुन खुर्ची ओढून पाकळ्या मोजायला बसली.
साठापर्यंत पोचली आणि दूध उतू गेलं.

चार दिवस टिकली.
त्याच चार दिवसांत सेमिनरी हिल्सच्या उतारावर
पळस पेटला होता,
कुणी न भिजवता, कुणी न मोजता.
मी दूध आणायला तिथूनच जायचो.
तो काही बोलला नाही.
मीही त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

आता मे. कुंडी उलटी केली.
रेतीत एकाचे दोन झालेले,
तसेच वाळके, तसेच पालीच्या पायांसारखे.
कागदात गुंडाळून पाकिटात घातले,
औषधांच्या डब्यात ठेवायला गेलो,
तर पाकिटावर आधीच शकुनचं अक्षर:
राणूबाई. नग दोन.
खाऊ नये.