तीस सेकंद

मानोरा फाट्यावरचं एटीएम आज उचलायचं आहे.
बारा वर्षं भरलं मीच,
रिकामंही मीच करणार.

सुरुवातीला तिजोरीचा अर्धा आकडा माझ्याकडे असायचा, अर्धा ताजणेकडे.
तो फिरवायला लागला की मी भिंतीकडे बघायचो,
मी फिरवायला लागलो की तो.
जेवणाचा डबा एक, तंबाखूची पुडी एक,
त्याचा अर्धा आकडा मला आजवर माहीत नाही.
मग मोबाईलवर येणारा आकडा आला,
एकदा चालतो, विझतो.
भिंतीकडे बघायची सवय तेवढी राहिली.

कंपनीचं पत्र आलं : दिवसाला एकोणसाठ हिट.
हिट म्हणजे कुणीतरी कार्ड घालणं.
एकोणसाठात भाडं निघत नाही, एसीचं बिल निघत नाही.
गार्ड आधीच काढला होता,
त्याच्या जागी छताला एक आवाज बसवला.
कुठून बोलतो कोण जाणे.
चैत्रात गारव्याला शेळ्या आत शिरल्या
तर त्यांनाही म्हणाला,
कृपया हेल्मेट काढा.

समोर सलीमच्या टपरीवर डबी ओरडते,
दहा रुपये प्राप्त झाले. दहा रुपये प्राप्त झाले.
पोरं चहा पितात, फोन दाखवतात, निघून जातात.
रेंज गेली की डबी गप्प,
आणि तीच पोरं रस्ता ओलांडून माझ्या यंत्रापुढे.
तेही त्याच रेंजवर चालतं हे
त्यांना दरवेळी नव्यानं कळतं.

तांड्यावरची सकरीबाई राठोड
पहिल्यांदा आली तेव्हा मी बाहेर गाडीत होतो.
कार्ड घातलं, चार आकडे दाबले, दोन हजार मागितले.
नोटा आल्या, दिवा लुकलुकला, टूंटूं वाजलं.
तिला वाटलं, आपलं काही चुकलं.
हात मागे घेऊन अदबीनं उभी राहिली.
तीस सेकंद.
यंत्रानं नोटा परत ओढून घेतल्या.

बारा दिवस लागले हिशेब जुळायला.
बारा दिवस रोज यायची फाट्यावर.
मी समजावलं, न घेतलेल्या नोटांचा आत एक वेगळा डबा असतो.
ती म्हणाली,
"देनाऱ्यानं दमानं द्याव ना बाप्पा.
आहेर करतानी बी मानूस जराक थांबते."

आता पैसे काढायला तिला सेवा केंद्रात जावं लागेल.
तिथं अंगठा मागतात.
ज्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हसायचे
त्यांचाच अंगठा आता सही,
आणि तोच कापूस वेचून वेचून गुळगुळीत.
यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा.
पाणी लावून ठेवा. डोक्याला पुसून ठेवा.
पाचव्या खेपेला ओळख पटली तर पटली,
शंभरामागे वरचा रुपया केंद्रवाल्याचा.

दार उघडलं. कॅसेटी काढल्या, मोजल्या.
न घेतलेल्या डब्यात पाचशेच्या चार नोटा,
मंगळवार, अकरा बेचाळीस.
कोण होतं, कार्ड नंबर सांगेल कधीतरी.
रजिस्टरात लिहिलं, थैली सील केली.
ताजणेनं चार बोल्ट सोडवले.
खालची फरशी कोरी निघाली,
बारा वर्षांपूर्वीच्या रंगाची.

सकरीबाई आलीच.
कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं.
"कोठी नेता याले?"
नागपूरले, म्हटलं.
"अन् माहा नंबर?
चार आकडे पाठ केले म्या, नातवाजोळ बसून बसून.
लिवता येत नाही मले, पन थे येतात. आता कायले लावू?"
आणि हातवारे करत ती मोठ्यानं सांगायलाच लागली.

मी भिंतीकडे वळलो.
ताजणेही वळला.
पहिले दोन आकडे तेवढे कानावर आले.

टेम्पोवाल्यानं दोर आवळला.
छतावरचा आवाज काढायचा राहिला होता.