वाव

आमच्याकडे खोली वावात मोजतात.
दोन्ही हात पसरले की एक वाव.
शिसं बांधलेली दोरी छातीवरून सोडत जायची
तळ लागेपर्यंत.
बाबांना अंधारातही कळतं
किती दोरी गेली, आणि खाली चिखल आहे की खडक.

मे महिन्यात खोपकर सरांनी आम्हा नऊ जणांना
हर्णैहून उचललं, खेडला एसटी बदलली
आणि शेवटच्या थांब्यावर उतरून
सुमारगडाकडे बोट केलं.
"एवढंच ना?" मनस्वी चोगले म्हणाली.
तबरेजच्या सॅकमध्ये सोडे होते,
अम्मीने तीन पिशव्यांत गच्च बांधून दिलेले,
तरी अख्ख्या एसटीला कळलं होतं
आम्ही कुठले ते.

पहिला तास करवंदं.
दुसऱ्या तासाला कुणी बोलेना.
घसाऱ्यावर पाय ठेवला की डोंगरच सरकतो,
कारवी धरावी तर मुळासकट हातात येते.
उधाणात होडीवर उभे राहणारे आम्ही
बसून, चड्डी फाडत,
खिंडीत उतरलो.

मग तो कातळ.
पंधरा पावलांची आडवी वाट,
टाच मावेल न मावेल अशा खोबण्या.
सहाव्या पावलाला मी खाली पाहिलं
आणि सवयीने मोजायला लागलो:
दहा वाव, वीस, तीस...
दोरी संपली.
पाण्यात पडलं तर पोहता येतं.
हवेत पडल्यावर काय करतात
ते आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.
हात पसरून, गाल तापल्या दगडाला लावून
मी तिथे चिकटलो होतो,
बरोबर एक वाव.
एक मुंगी माझ्या करंगळीवर चढली,
उतरली,
आपल्या कामाला गेली.
"डावा पाय," मागून मनस्वी.
"डावा रे, बावळटा. तुझा डावा!"

संध्याकाळी धनगरवाडा. चार घरं, एक कुत्रं,
आणि पहिल्याच दारात दोन हंडे, काठोकाठ.
सर अजून मागे होते.
आम्ही विचारलंसुद्धा नाही.
डोक्यावर ओतलं, एकमेकांवर उडवलं,
तबरेजने चूळ भरून पार कुंपणापर्यंत फवारा मारला,
आणि आम्ही मोजला, कुणाचा लांब जातो.

आतून एक मुलगी आली, आमच्याच वयाची.
पूनम आखाडे.
ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने एक हंडा वाकवून पाहिला,
दुसरा पाहिला,
आणि चुंबळ शोधायला लागली.

मी आणि तबरेज तिच्यामागून गेलो.
जाताना पाऊण तास उतार.
झरा म्हणजे दगडाच्या फटीखाली एक खळगा,
त्यात पाणी वीतभरही नाही.
करवंटीने घ्यायचं, थांबायचं,
परत साठू द्यायचं.
कुठेतरी भेकर भुंकलं.
तबरेज, जो मशिदीतही गप्प बसत नाही,
बॅटरी धरून बसला होता
आणि खळग्याकडे बघत होता.

चढताना हंडा माझ्या खांद्यावर.
प्रत्येक पावलाला मानेवरून थोडं पाणी आत जायचं
आणि मला त्याची लाज वाटायची.
"तुमच्याकडं समुद्र असतो ना?" पूनमने विचारलं.
"केवढा असतो?"
हंडा दगडाला टेकवला.
दोन्ही हात पसरले, ताणून,
बोटांच्या टोकांपर्यंत.
तिने या हाताकडून त्या हाताकडे पाहिलं.
"एवढाच?"
आणि हसली, इतकी
की तिच्या डोक्यावरचा हंडासुद्धा डचमळला.

सकाळी गडावरून समुद्र दिसेल, असं सर म्हणाले होते.
दिसला नाही. पश्चिमेला नुसता पांढुरका धूर.
तबरेज शपथ घेऊन सांगत होता
की त्याला होडी दिसतेय.
सोडे आम्ही वाड्यावरच ठेवून आलो,
कुत्रं तेवढं खूश होतं.

घरी आलो तेव्हा बाबा जाळं शिवत होते.
"किती उंच होता रे डोंगर?"
मी म्हणालो, "दोन हंडे."
त्यांनी आईला हाक मारली,
म्हणाले, पोराला ऊन लागलंय,
कोकम दे.