झांजेमागे

दिवसा मी वीज खात्यात, मडगावला. तक्रारवही माझ्याकडे.
लोक फोनवर विचारतात, कधी येणार?
मी म्हणतो, माणूस पाठवलाय.
पुष्कळदा तो माणूस मीच असतो.

शनिवारी रात्री मात्र
मीच उजेड मागणाऱ्यांच्या रांगेत.
गळ्यात जुना कॅमेरा, पन्नासची लेन्स,
वास्कोच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरने
धंदा बंद करताना अर्ध्या किमतीत दिलेली.
आत बुरशीचा एक तंतू आहे.
तो फोटोत दिसत नाही. मला दिसतो.

कुडतरीला कपेलाच्या फेस्ताला,
रायच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला,
बोरीच्या पुलाअलीकडच्या त्या बारमध्ये
जिथे फ्रीज सरकवला की स्टेज होतं,
चार वर्षं मी 'सुकती'चे फोटो काढतोय.
कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे देत नाही.
एक रॉस ऑम्लेट मिळतं. कधी दोन.

मेलरॉय गाताना डोळे मिटतो आणि माइक गिळतो.
त्याचा चेहरा हवा तर ओळ संपेपर्यंत थांबायचं,
श्वासासाठी मान वळवतो, तेवढाच.
गौरांग शिरोडकर बेस वाजवतो
तलाठ्याच्या दारात नंबर लावल्यासारखा.
हलत नाही. कमी उजेडातही सुरेख येतो.
लाल दिवा लागला की सगळ्यांच्या नाकाडोळ्यांची
सोलकढी होते.
मी निळ्याची वाट बघतो.

आणि मागे ब्लासियो.
दिवे दोनच, भाड्याचे, ते पुढच्यांवर.
त्यात डावीकडची झांज नेमकी तोंडावर.
चार वर्षांत माझ्याकडे त्याचं कोपर आहे,
हवेत विरलेली काठी आहे,
एक कान,
घामेजल्या बनियनचा एक पट्टा.

गेल्या मे महिन्यात, रायला,
तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर लायट गेली.
गिटार मेली, बेस मेला,
मेलरॉयचा आवाज एकदम एका माणसाएवढा झाला.
ड्रम तेवढा चालू राहिला.
त्याला कुठे आमच्या खात्याची गरज!
मग खुर्च्यांमधून कुणीतरी,
"अरे तो लायटीवालो खंय आसा?"
काही दिसत नसताना सगळे माझ्याकडे वळले.

कॅमेरा पाठीवर टाकून मी मीटरच्या पेटीशी.
दातांत टॉर्च, बोटांत फ्यूजची तार,
मागे ब्लासियो,
आधी लायट येईपर्यंत वेळ काढावा तसा,
मग वेळच विसरून.
कुणी बुलेटचा हेडलाइट त्याच्यावर रोखला म्हणे.
झांज कलली होती म्हणे.
हसत होता म्हणे. पाद्रीनेही खुर्ची बडवली म्हणे.
मला मिळाली ती सावली,
मीटरच्या काचेवर, आकड्यांवरून धावणारी,
आणि माझे दोन्ही हात गुंतलेले.

तार आवळली. उजेड आला.
लोकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या.
वळून बघतो तर झांज जागेवर.

आता ब्लासियो तारवार आहे, आठ महिन्यांचं कंत्राट.
गेल्या आठवड्यात त्याची आई, कोन्सेसांव बाय,
कार्यालयात आली. मला वाटलं बिलाची तक्रार.
"म्हज्या पुताचो एक फोटो दी रे बाब. वाजयतना."

रात्रभर चार वर्षं उघडून बसलो.
शेवटी एक छापून नेला.
झांज, नुकता ठोका पडलेली, थरथरतेय म्हणून पुसट,
आणि तिच्या खालून दोन बोटं,
करंगळीला चिकटपट्टी.

तिने तो खिडकीशी नेला.
चश्मा काढला, घातला.
"ती पट्टी हांवेंच लायिल्ली," म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग खण उघडून बिल काढलं.
ते खरंच जास्त आलं होतं.