गज चार बोटं वर राहिला

पंचायतीचं इलेक्शन झालं, निकाल लागला,
रस्त्यावरचा गुलाल मळून मातीत गेला,
तेव्हा कुठं खानापूर ठाण्यातून निरोप :
आपापल्या बंदुका घेऊन जावा.

अप्पांचे गुडघे गेलेले. पत्र घेऊन मी गेले.
हवालदार म्हणाला, सही माडी. कानडीत केली.
भिंतीशी चौतीस नळ्या, काथ्यानं बांधलेल्या,
प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्यावर नाव.
आमचं ओल धरून फुगलेलं : रवळू जोतिबा घाडी.

बसमध्ये मला तिकीट नाही, बायकांना फुकट.
कंडक्टरनं गोणपाटाकडं बोट केलं. इदु एनु?
ठासणीची, मी म्हणाले. तो हसला, पुढं गेला.

अंगणात अप्पा आधीच बसलेले,
चुलीवर पाण्याचं पातेलं.
जुन्या धोतराच्या चिंध्या,
करवंटीत भिरंडेल, थंडीनं गोठलेलं.
त्यात मीठ नसतं म्हणून तेच.
मीठ लोखंड खातं, आणि जळलेल्या दारूची राख
हवेतलं पाणी पिऊन मिठासारखीच वागते,
हे मला सातव्या वर्षी सांगितलेलं,
पाढ्यांच्या आधी.

"आधी गज सोड. ऐक."

रिकामी नळी वाजते,
पितळी तांब्यावर पळी आपटावी तशी.
मी गज सोडला.
ठप्प.
गजावर आज्यानं कानशीनं पाडलेली खूण
नळीच्या तोंडाशी यायला हवी होती.
ती चार बोटं वर राहिली.

दोघंही काही बोललो नाही.
कोंबडी पायाजवळून गेली.

म्हणजे चाळीस दिवस
ती भरलेली उभी होती हवालदाराच्या खुर्चीमागं,
शेजारी जेवणाचे डबे, कुणाची तरी छत्री,
घोड्यावर वाळत घातलेला पंचा.
आणि आज, तिच्या तोंडावर हनुवटी टेकून,
मी नंदगडपर्यंत झोपले होते.

"टोपी नव्हती," अप्पा म्हणाले. "टोपीबिगर काय होतंय?"
मग बऱ्याच वेळानं :
"विसरलो की गं. डुकरं त्या रात्री आलीच नाहीत."

तोंड फणसाकडं केलं.
बत्तीच्या भोकातून पाणी, थेंब थेंब,
दारू भिजेपर्यंत एक विडी.
मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावून
आत फिरवायचं, अडकलं की ओढायचं,
विहिरीत पडलेली घागर काढावी तसं, न चिडता.
आधी काथ्या. मग छर्रे, बावीस. अप्पांनी मोजून पुडीत बांधले.
शेवटी दारूवरचा बोळा, आणि मागोमाग काळा चिखल.

बोळा कागदाचा. निळा शिक्का, कानडी अक्षरं.
अप्पांना कानडी वाचता येत नाही.
दारात आलेला कागद ते दोनच ठिकाणी ठेवतात,
देवाच्या फोटोमागं, नाहीतर नळीत.
मांडीवर पसरला. एक शब्द शाबूत : नवीकरण.
त्यापुढं एकतीस.
महिना पाण्यानं नेलेला.

"काय आहे त्यात?"
"तारीख."
"कसली?"
"लायसनची. गेली का यायची आहे, कळेना."

अप्पांनी पातेलं उतरवलं, जणू ऐकलंच नाही.

पहिलं पाणी काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं.
दुसरं राखेचं.
तिसरं बिनदुधाच्या चहासारखं.
पाचव्याला नळी इतकी तापली
की पदरानं धरावी लागली, भोकातून वाफ निघाली.
तापलेलं लोखंड स्वतःच वाळतं, पुसायला फक्त चिंधी हवी.
चिंध्या अकरा लागल्या. सहावी तांबडी आली, गंजाची.
अप्पांनी ती उजेडात धरली, जवळून पाहिली,
आणि बाजूला ठेवली, फेकली नाही.
अकरावी पांढरी.
मग भिरंडेल, ऊन नळीत आपोआप पातळ होत गेलेलं.

कागद कठड्यावर वाळत ठेवला, वर खडा.
उद्या परत खानापूर.

गज सोडला. वाजली.
अप्पांनी मान कलती केली,
चांगला कान माझ्याकडं केला.
"परत एकदा."