मंगळवारचा बेत

ऑक्टोबर लागला. गोझोवरचे पाहुणे पांगले, छत्र्या मिटल्या.
आता रामलाची तांबूस वाळू पुन्हा आपली,
झारेन म्हणतो, विजेच्या बिलामागे यादी करत.

मंगळवारी जाऊ. रविवारी गावभरची नातवंडं तिथे.
नऊची बस. पाव, टोमॅटो, मेंढीचं चीज,
माझ्या गुडघ्यांसाठी घडीची खुर्ची.
वारा वायव्येचा असला तर रद्द.
हे तो तीनदा अधोरेखित करतो.

चाळीस वर्षं याने फेरीबोटीवर दोर फेकले,
माणसं किनाऱ्याला लावली,
स्वतः बूट काढून कधी वाळूत उतरला नाही.
मी विचारते, पोहायची चड्डी घेऊ का?
तो पेन्सिल कानामागे खोचतो.
बघू.

हे बघू मला ठाऊक आहे.
लग्नाला हो म्हणण्याआधी दोन वर्षं
हेच चाललं होतं.

काल रात्री मात्र पाणी प्यायला उठले
तर हा न्हाणीघरात, दिवा न लावता,
टबाच्या काठावर,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
पाय पाण्यात.

किती गार लागतं ते बघतोय, म्हणाला.

मी काही बोलले नाही.
सकाळी यादीत खाली एक ओळ वाढवली:
टॉवेल, दोन.